विजापूर वेस तशीच राहू द्या

कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून विजापूरचं नाव अधिकृतपणे विजयपूर केलं. आता समजा, सोलापुरातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकांनी आपल्या पेठेवर दोनशे-सव्वादोनशे पानांचं पुस्तक लिहिलं आणि ते संपादकाकडे दिलं. पुस्तकात 'विजापूर' हा शब्द चाळीस ठिकाणी आलाय. घाईतला संपादक संगणकाला एकच हुकूम देतो आणि चाळीसही ठिकाणी 'विजयपूर' होतं. त्या झपाट्यात आदिलशहाची राजधानी विजयपूर होते आणि आपली विजापूर वेसही 'विजयपूर वेस' होऊन बसते. दुसरा संपादक या शब्दाकडे बघतच नाही, कारण त्याच्या लेखी तो बरोबर लिहिलेला आहे. तिसरा समासात टीप टाकतो : 'आजच्या जिल्ह्याचा उल्लेख आहे तिथे विजयपूर करू का? वेस आणि आदिलशाहीचे उल्लेख तसेच ठेवतोय. पान ८८ वरची हकिगत कुठल्या काळातली आहे ते कळलं नाही, सांगाल का?'

पैसे द्यायचे ते या तिसऱ्याला. पुस्तकासाठी स्वतंत्रपणे काम करणारा संपादक नेमताना त्याचं शुद्धलेखन किती पक्कं आहे, आजवर किती पुस्तकं केली, दर काय, हे सगळे विचारतात आणि विचारायलाच हवं. पण संपादक पारखायचा तो त्याने समासात काय विचारलंय ते बघून. सोलापूरबद्दल लिहिलेल्या पुस्तकात तर हे फारच खरं आहे. इथल्या एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी शेजारी शेजारी नांदतात. बाहेरच्या माणसाला त्यातलं बरंचसं चुकीचंच वाटणार. चूक वाटलं म्हणून दुरुस्त करणारा आणि चूक वाटलं म्हणून थांबून विचारणारा, या दोघांच्या हातून दोन वेगळी पुस्तकं बाहेर पडतात.

त्याआधी आपण नेमकं कुठलं काम विकत घेतोय, ते स्पष्ट हवं. 'संपादन' या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामं खपवली जातात आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. पहिलं काम रचनेचं. प्रकरणांचा क्रम बरोबर आहे का, कुठली गोष्ट तीनदा आली, कुठली सांगायचीच राहिली, वाचक कुठे कंटाळेल, सुरुवात खरं तर चौथ्या प्रकरणापासून व्हायला हवी का. या कामात संपादक स्वल्पविरामांना हात लावत नाही. तो सगळं हस्तलिखित दोनदा वाचून पाच-दहा पानांचं पत्र देतो आणि सोबत जागोजागी टिपा. दुसरं काम भाषेचं : वाक्य न् वाक्य घेऊन अर्थ, ओघ, व्याकरण, एकवाक्यता तपासणं. तिसरं मुद्रितशोधन, म्हणजे पानं लागल्यावर, छापायच्या आधी, शेवटच्या चुका पकडणं. हा क्रम उलटा करून चालत नाही. सातवं प्रकरण काढूनच टाकायचं असेल, तर त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करायला पैसे कशाला घालवायचे?

आपल्याकडे सर्रास असं होतं, की हस्तलिखित थेट डीटीपीला, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीला जातं, पानं लागतात, आणि 'प्रूफं प्रेसमध्ये बघतातच' या भरवशावर पुस्तक छापलं जातं. प्रेसमधला मुद्रितशोधक आपलं काम चोख करत असेलही. पण समोरच्या कागदावर जे आहे ते नीट छापलं जावं, एवढंच त्याचं काम. पान २३ वर आजोबा वारले आणि पान १४१ वर तेच आजोबा नातवाला गड्ड्याच्या यात्रेला घेऊन गेले, हे सांगायला त्याला कुणी नेमलेलं नसतं. त्याने सांगितलंच, तरी तोवर पानं लागलेली असतात आणि एक परिच्छेद हलवला की पुढची सगळी पानं सरकतात.

हिशेबाची सुरुवात शब्दसंख्येपासून करावी. 'दोनशे पानांचं पुस्तक आहे' असं सांगून कुणालाच काही कळत नाही. हाताने लिहिलेली दोनशे फुलस्केप पानं आणि छापील दोनशे पानं यांत फार फरक पडतो. वर्डमध्ये फाइलच्या तळाशी दिसणारा आकडाच दोघांनी धरावा. समजा मजकूर ६०,००० शब्दांचा आहे. डेमी आकारात, वाचायला सोप्या अक्षरात, छापील पानावर २७० च्या आसपास शब्द बसतात. म्हणजे मजकुराची सव्वादोनशेच्या जवळपास आणि पुढची-मागची धरून २३० पानं. फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातला जाणारा मोठा कागद, १६ पानांचा; म्हणजे जवळपास साडेचौदा फर्मे. संपादनात सहाच पानं कमी झाली, तर पुस्तक २२४ पानांत, बरोबर चौदा फर्म्यांत बसतं. हे संपादकाला आधी सांगितलं, तर तो काटछाट करताना ते डोक्यात ठेवतो. मात्र फर्म्यासाठी मजकूर कापू नये. मजकूर कापण्याजोगा असेल तरच फर्म्याकडे बघावं.

दर कुणी शब्दावर सांगतं, कुणी पानावर, कुणी एकरकमी. पानावर असेल तर 'पान' म्हणजे किती शब्द, ते लिहून घ्यावं. इंग्रजी संपादनाचे शब्दावरचे दर ऐकून मराठी संपादकाशी घासाघीस करणंही बरोबर नाही. 'शेतकऱ्यांसाठीसुद्धा' हा मराठीत एक शब्द मोजला जातो, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. तेवढ्याच आशयाची मराठी शब्दसंख्या कमी भरते, वाचायला लागणारं डोकं कमी लागत नाही.

वेळेचा अंदाज तर बहुतेकांचा चुकतोच. भाषेचं संपादन नीट करणारा माणूस दिवसाला दोन हजार शब्दांच्या फारसा पुढे जात नाही. ६०,००० शब्दांना कामाचे तीस दिवस झाले, म्हणजे पाच-सहा आठवडे. त्याआधी रचनेच्या वाचनाला तीन आठवडे आणि त्यावर लेखकाने पुन्हा लिहायला महिना-दीड महिना. मग लेखकाची उत्तरं दोन आठवडे, मांडणी दोन, प्रूफं दोन-तीन, छपाई आणि बांधणी दोन-तीन. सगळं मिळून पाच-साडेपाच महिने. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला हुतात्मा स्मृती मंदिरात प्रकाशन करायचं मनात असेल, तर पक्कं हस्तलिखित सप्टेंबरच्या मध्यावर संपादकाच्या हातात पडायला हवं. आणि नेमक्या त्याच दिवसांत चांगले संपादक, मुद्रितशोधक, अक्षरजुळणीवाले दिवाळी अंकांत गुंतलेले असतात. म्हणून बोलणी उन्हाळ्यातच करून ठेवावीत. जो माणूस 'आठ दिवसांत करून देतो' म्हणतो, त्याच्याकडून फार तर प्रूफं तपासून मिळतील.

संपादक पुण्या-मुंबईचाच हवा असं मुळीच नाही. फाइल ई-मेलने जाते, बोलणं फोनवर होतं. सोलापुरात महाविद्यालयांच्या मराठी विभागांत, वृत्तपत्रांत आयुष्य काढलेल्या माणसांत, जुन्या छापखान्यांच्या आसपास ही नजर असलेली माणसं सापडतात. फक्त प्राध्यापक चांगले म्हणजे संपादक चांगले, हे गृहीत धरू नये. प्रबंध तपासायची सवय वेगळी, पुस्तक घडवायची वेगळी. पीएच.डी.च्या प्रबंधाचं पुस्तक करायचं असेल तर हा फरक लगेच कळतो. प्रबंध तपासणारा पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण ठेवायला सांगतो, पुस्तकाचा संपादक ते काढून त्यातलं हवं तेवढं चार पानांच्या प्रस्तावनेत आणतो. आणि या शहराला संपादनाचं वावडं कधीच नव्हतं. जैन संस्कृती संरक्षक संघाची जीवराज जैन ग्रंथमाला सोलापूरचीच. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी ती सांभाळली. पोथ्या एकमेकींशी ताडून बघायच्या, पाठभेद नोंदवायचे, स्वतःच्या मनाने मूळ शब्द बदलायचा नाही, हे या कामाचं वळण. आजच्या आठवणींच्या पुस्तकालाही तेच लागतं.

निवड करताना नमुना मागावा, आणि त्याचे पैसे द्यावेत. फुकटचा नमुना घाईत होतो. पहिलं प्रकरण देऊ नये, कारण ते लेखकाने दहादा घासलेलं असतं. मधलं बाराशे-पंधराशे शब्दांचं असं काहीतरी द्यावं, ज्यात थोडे संवाद आहेत, एखादी तारीख आहे, आणि लेखकाला स्वतःलाच जो रुचलेला नाही असा एक परिच्छेद आहे. तोच तुकडा दोघा-तिघांना द्यावा. समजा त्यात हे वाक्य आहे :

'त्याकाळी मागावर काम करणाऱ्या लोकांकडून केल्या जाणाऱ्या कामाच्या संदर्भात त्यांना मिळणारी मजूरी ही अत्यंत कमी प्रमाणात होती.'

एकाकडून ते असं येईल : 'त्याकाळी'चं 'त्या काळी' झालं, 'मजूरी'चं 'मजुरी' झालं, बाकी जिथल्या तिथे. चूक काहीच नाही, पण हे मुद्रितशोधन झालं. दुसऱ्याकडून येईल : 'तत्कालीन यंत्रमाग कामगारांचे वेतन अत्यल्प होते.' वाक्य आटोपशीर झालं म्हणून लेखक खूश होतो आणि फसतो. मूळ वाक्यात फक्त माग होता; तो हातमाग असू शकतो. मजुरी आणि वेतन या गोष्टी वेगळ्या. नगावर पैसे घेणाऱ्या विणकराला वेतन नसतं. शिवाय बोलणाऱ्या माणसाचा आवाज जाऊन सरकारी अहवालाचा आला. सहा शब्दांत तीन गोष्टी बिघडल्या. तिसऱ्याकडून येईल : 'त्या काळी मागावरची मजुरी फार कमी होती.' आणि समासात : 'हातमाग की यंत्रमाग? मजुरी नगावर मिळायची की आठवड्यावर? आकडा आठवत असेल तर द्या, मग "फार कमी" म्हणायची गरज उरणार नाही.'

या तिसऱ्या टिपेमुळे लेखक आठवू लागतो, घरातल्या थोरल्यांना विचारतो, जुनी वही काढतो, आणि पुढच्या खेपेला एका रटाळ वाक्याच्या जागी चटका लावणारा परिच्छेद येतो. तो संपादकाने लिहिलेला नसतो. त्याच्या प्रश्नाने लेखकाकडून निघालेला असतो.

बोलीचं प्रकरण सगळ्यात नाजूक. 'काय करलालास बे?' हे वाक्य सोलापूरच्या माणसाला ऐकूच येतं. त्याचं 'काय करतोयस रे?' केलं की बोलणारा पोरगा पुण्याचा होतो. प्रमाण लेखनाचे नियमही संपादकावर अशी सक्ती करत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, असे जे अठरा नियम आपण पाळतो, त्यांतच पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं घालायला मोकळीक दिली आहे. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, हा सरळ मार्ग. निवेदनही बोलीत असेल, तर तसं पहिल्याच बैठकीत सांगायला हवं. शब्दांचंही तेच. कडक भाकरीची 'कुरकुरीत भाकरी' करणाऱ्याने ती मोडून आमटीत कुस्करलेली नाही. 'शेंगा चटणी'ची 'शेंगदाण्याची चटणी' केली की व्याकरण सुधारतं आणि ताट बदलतं. मात्र लेखकानेही एक समजून घ्यावं : लातूरच्या किंवा चिपळूणच्या वाचकाला 'यण्णीमज्जन' आपोआप कळणार नाही. त्यासाठी शब्द बदलायचा नाही, पाठीमागे शब्दार्थांची यादीही जोडायची नाही. 'अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो तो यण्णीमज्जनाचा दिवस' असं पहिल्यांदा येताना वाक्यातच उकलून द्यायचं, की पुढे तो शब्द वाचकाचा झाला. हे कुठे कुठे लागेल ते बाहेरचा संपादक बरोबर सांगतो, आणि इथेच त्याचं बाहेरचं असणं उपयोगी पडतं.

असे सगळे निर्णय एका कागदावर उतरवून ठेवायचे असतात. कुणी त्याला शैलीपत्रक म्हणतं, कुणी शब्दनोंद. चार रकाने पुरतात : शब्द, ठरलेलं रूप, पहिल्यांदा आलेलं पान, कारण. त्यात 'सोलापूर' पण 'सोलापुरात' अशी नोंद येते. 'पूर' शेवटी आला की दीर्घ, पण प्रत्यय लागला की उपान्त्य, म्हणजे मूळ शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर, ऱ्हस्व. सूत आणि सुताचा, मजूर आणि मजुराला हे त्याच नियमाने. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला 'शरीर' मात्र 'शरीरात'च राहतो. 'मार्शल लॉ' लिहायचं की 'लष्करी कायदा', आकडे अंकी की अक्षरी, 'जुनी गिरणी' कधी आणि कंपनीचं पूर्ण नाव कधी, 'करलालास' एकच रूप की माणसागणिक वेगळं, हे सगळं तिथे. साठ हजार शब्दांच्या पुस्तकात शे-दीडशे नोंदी सहज होतात. चादरीच्या जकार्ड मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांवरून उतरते. एका कार्डात एक भोक चुकलं, तर नक्षी जितक्यांदा फिरून येते तितक्यांदा तो दोष चादरीत दिसतो, म्हणून कार्डं मागावर चढण्याआधी तपासली जातात. शब्दनोंदीचं काम तेच. तिथे घेतलेला चुकीचा निर्णय पुस्तकभर पसरतो, म्हणून पहिल्या प्रकरणानंतरच ती लेखकाकडे मागून घ्यावी आणि ओळ न् ओळ बघून मान्य करावी.

तथ्यपडताळणी संपादनात आपोआप येत नाही. ती कामात धरलेली आहे का, किती खोल, हे ठरवून घ्यावं लागतं. तरी चांगला संपादक शंका येईल तिथे खूण करतोच. सोलापूरच्या इतिहासात अशा जागा भरपूर. मार्शल लॉ मे १९३० चा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी. 'त्याच वर्षी चौघे फासावर गेले' हे वाक्य हस्तलिखितांत सहज येऊन जातं आणि कानाला खटकतही नाही. गिरणीचंही तसंच. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून सरकारने कारभार हाती घेतला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लेखक लिहितात, 'कोर्टाने सरकारची बाजू उचलून धरली.' जाणता संपादक विचारतो : कुठल्या निकालात? डिसेंबर १९५० च्या निकालात एका भागधारकाचा अर्ज फेटाळला गेला हे खरं. पण दुसऱ्या खटल्यात, डिसेंबर १९५३ मध्ये, त्याच न्यायालयाने तो वटहुकूम घटनाबाह्य ठरवला. दोन्ही निकाल छापील आहेत, कुणालाही बघता येतात. अशा शंकांची यादी करून हिराचंद नेमचंद वाचनालयात दोन दिवस बसलं, तर बऱ्याच जागा मोकळ्या होतात. हे काम लेखकाने स्वतः करावं, कारण शोधताना जे शेजारचं हाती लागतं ते संपादकाला ओळखू येणार नाही.

फॉन्टचा घोळ वेगळा सांगायलाच हवा, कारण त्यात माणसांची वर्षं गेली आहेत. जुना मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. तो संपादनाआधी युनिकोडमध्ये आणून घ्यावा, संपादन झाल्यावर नव्हे. रूपांतरात हमखास मोडतो तो 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'तऱ्हा'ची 'तर्हा'. 'दर्या' हा शब्द स्वतंत्रपणे बरोबर असल्याने संगणकाची तपासणीही तो सोडून देते. म्हणून 'र्य' आणि 'र्ह' शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी बघावी, आणि कुठलीही दहा पानं मूळ छापील प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडावीत. मांडणी करणाऱ्यालाही सुरुवातीलाच विचारावं, युनिकोड चालेल का? तो फाइल पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये नेणार असेल, तर संपादनाने काढलेल्या चुकांच्या जागी नव्या चुका येतील आणि संपूर्ण प्रूफ मुळाशी ताडून वाचावं लागेल. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये काम होणार असेल, तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावायला सांगावं. नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते.

करार दोन पानांचा असला तरी पुरतो, पण लेखी हवा, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी. शब्दसंख्या, कुठलं काम, किती फेऱ्या, तारखा, पैसे कधी किती. दोन फेऱ्या धराव्यात : एक मुख्य, आणि लेखकाची उत्तरं आल्यावर दुसरी हलकी. पैसे तीन भागांत बरे : सुरुवातीला, निम्मं काम हाती आल्यावर, आणि शेवटी. नंतर लेखकाने नवीन प्रकरण घातलं तर त्याचा दर तोच, पण वेळ वाढवून. काम मध्येच थांबलं तर झालेल्या शब्दांचे पैसे द्यायचे आणि झालेलं काम लेखकाकडे यायचं. हस्तलिखित संपादकाने कुठल्याही ऑनलाइन यंत्र-साधनात टाकायचं का, हेही आता लिहून घ्यावं. घरातल्या माणसांच्या आठवणी असतील तर हे अधिकच महत्त्वाचं. आणि हक्कांचं कलम. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला मालक लेखक. स्वतंत्र संपादक कुणाचा नोकर नसतो, त्यामुळे त्याने नव्याने लिहिलेल्या परिच्छेदांबाबत पुढे वाद नको असेल, तर 'संपादनात झालेल्या सर्व बदलांचे हक्क लेखकाकडे' हे वाक्य दोघांच्या सहीने असावं. हक्कांचं हस्तांतर कायद्याने लेखीच लागतं. दुसऱ्यांच्या कविता, गाणी पानभर उद्धृत केली असतील तर संपादक खूण करेल, परवानगी आणायची लेखकाने. कवी जाऊन साठ वर्षं झाली नसतील, तर हक्क सहसा वारसांकडे किंवा प्रकाशकाकडे असतात.

फाइल परत येते तेव्हा पहिल्या पानावरच्या लाल रेघा बघून पोटात गोळा येतो. यायचाच. वर्षानुवर्षं जपलेलं लेखन कुणीतरी उकललेलं असतं. म्हणून आधी संपादकाचं पत्र वाचावं आणि दोन दिवस फाइल बंद ठेवावी. मग बदलांच्या आधी प्रश्नांना उत्तरं द्यावीत. उत्तरं देता देता निम्मे बदल का केले ते आपोआप उमगतं. सगळे बदल एका झटक्यात मान्य करणारी कळ दाबू नये, आणि सगळे नाकारूही नयेत. एकेक घेऊन हो, नको, किंवा 'तिसरंच काही' असं लिहावं. माझ्या मते हे तिसरं उत्तर वारंवार यायला लागलं, की काम बरोबर चाललंय असं समजावं. या काळात मजकुराची एकच जिवंत फाइल असावी, नावात तारीख घालून. संपादक एका प्रतीवर काम करतोय आणि लेखक दुसऱ्या प्रतीत भर घालतोय, यातून जितकी पुस्तकं रखडतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने रखडत असतील.

पानं लागल्यावर मुद्रितशोधनाला शक्यतो वेगळा माणूस घ्यावा. ज्याने संपादन केलं त्याला मजकूर पाठ झालेला असतो, डोळे पुढे धावतात. दोघांनी बसून, एकाने मूळ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पानावर बोट ठेवून बघायचं, ही जुनी रीत अजूनही सगळ्यात खात्रीची. दुसऱ्या प्रूफात फक्त दुरुस्त केलेला शब्द बघू नये, त्याच्या वरची आणि खालची ओळही बघावी. दुरुस्ती करताना शेजारची ओळ खाल्ली जाते. अनुक्रमणिकेतले आकडे, पानांवरचे शिरोलेख, फोटोंच्या ओळी हे सगळं शेवटी एकदा सलग तपासावं, कारण प्रत्येक जण ते दुसऱ्याने बघितलं असेल असं धरतो. नावांची सूची पानं पक्की झाल्यावरच करावी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो. तो मागवायला प्रूफं चालू असतानाच सुरुवात करावी, नाहीतर छपाई एका पानासाठी अडून राहते. श्रेयाच्या पानावर संपादकाचं नाव घालण्याआधी त्याला विचारावं. त्याने नको म्हटलेले बदल शेवटी पुस्तकात राहिले असतील, तर तो नाव नको म्हणू शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

छापून आलेल्या गठ्ठ्यातली एक प्रत वेगळी काढावी आणि तिच्या पहिल्या कोऱ्या पानावर 'दुरुस्ती प्रत' असं लिहावं. ती कुणाला भेट द्यायची नाही. वाचक फोन करतात, 'अहो, पान ११७ वर आमच्या आजोबांचं नाव चुकलंय' म्हणतात, ते त्याच दिवशी त्या पानावर पेन्सिलीने नोंदवायचं. संपादकाची शब्दनोंद छापून त्याच प्रतीत घालून ठेवायची. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा मांडणी करणारा दुसरा असेल, संपादकही दुसरा असेल, आणि त्याला आधी त्या कागदावरची ती ओळ दिसायला हवी : विजापूर वेस, तशीच, पान ४ पासून सगळीकडे.